धामणखेडचा जवाई

मोतीरामची पाठ इतकी रुंद होती की लहान पोरांना ती दिसली की तिच्यावर चढावंसं वाटे. अकोल्याला आमच्या मिशन कंपाऊंडाच्या मागच्या ओळीत त्याची खोली होती, माझ्या खोलीच्या जवळच. मी कंपाऊंडातल्या शाळेत मास्तरीण. सकाळी मी शाळेला निघे तेव्हा तो जिनिंग फॅक्टरीकडे निघालेला असे. खांद्यावर गोणपाटाची घडी आणि ओठांवर रविवारी म्हटलेल्या गाण्याची एखादी ओळ. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत फॅक्टरी चाले आणि तोवर मोतीराम सरकीची पोती वाही. त्याच्या बापाने बाप्तिस्मा घेतला तेव्हा मोतीराम आईच्या पोटात होता. "मी तं आतूनच भिजून आलो," असं तो सांगायचा आणि स्वतःच आधी हसायचा.

पावसाळ्यात फॅक्टरी बंद पडे. मग तो बायकोला घेऊन तिच्या माहेरी जाई, धामणखेडला. हिवरखेडच्या डांबरी सडकेवरून खाली उतरलं की पुढे सगळी काळी जमीन, मध्ये एक नाला, आणि नाल्याच्या पलीकडे हे गाव. तिथे शेतात निंदण-डवरणाची कामं मिळत. केशरबाईच्या माहेरचे लोक महारवाड्यात राहत. ते ख्रिस्ती नव्हते, केशरबाई लग्नानंतर झाली. पण मोतीरामचं त्या घरात कुणाशी वाकडं नव्हतं. सारं गावच त्याला जवाई म्हणे. बांधावरून हाक येई, "काय जवाई, जवायानं वावरात राबाचं असते का?" तो वाकूनच उत्तर देई, "आमच्या सासऱ्यानं हुंड्यात इळा देल्ला ना बाप्पा!"

अशा माणसाला देवाचं बोलावणं आलं, ते त्रेपन्न साली.

एका रविवारी आमचे पाळकसाहेब, खुशालराव, पाचारण या विषयावर बोलले. देव माणसाला नावाने हाक मारतो, मासे धरणाऱ्याला जाळ्यावरून उठवतो, मेंढरं राखणाऱ्याला रानातून आणतो, असं ते सांगत होते. पुढे त्यांनी असंही सांगितलं की ही हाक काही केवळ पाळकांसाठी नसते. पण हा पुढचा भाग मोतीरामच्या कानात गेलाच नाही. मेंढरं राखणारा उठून गेला इथेच त्याचं मन अडकलं. उपासना संपल्यावर सगळे बाहेर आंब्याखाली बोलत उभे राहिले, हा मात्र आत जाऊन पाळकसाहेबांसमोर उभा.

"साहेब, मले बलावणं आलं."

"कुठून? फॅक्टरीतून?"

"नाई जी. वरून."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. मोतीरामचा चेहरा बघून त्यांना हसता आलं नाही. "काय करायला बोलावलं?"

"उपदेश कराले. दुसरं काय कराले बलावते देव?"

पाळकसाहेब मोठे सरळ गृहस्थ. तुला वाचता नीट येत नाही, असं त्यांनी म्हटलं नाही. ते म्हणाले, "बरं. पुढच्या रविवारी पाच भाकरी आणि दोन मासे यावर तू बोल. गोष्ट तुला ठाऊक आहे."

तो आठवडा मागच्या ओळीत कुणाला झोप नव्हती. मोतीराम अंगणात उभा राहून कोंबड्यांना उपदेश करी. केशरबाई आतून म्हणे, "हळू बोला, अंड्यावरच्या उठून राहिल्या."

रविवारी तो इस्त्रीचा सदरा घालून उभा राहिला. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, भरलेलं होतं. समोर सारी ओळखीची माणसं, पण तिथून पाहिल्यावर ती त्याला अनोळखी वाटायला लागली. त्याने लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरला. इतका जोरात धरला की तो करकरला. मग त्याने बोलायला सुरुवात केली.

"लोकं उपाशी होते. प्रभूनं भाकरी वाटल्या. मासोया वाटल्या. सगळे जेवले." इथे तो थांबला. बराच वेळ थांबला. कपाळावरचा घाम नाकावर आला. शेवटी म्हणाला, "आता तुमीबी घरी जाऊन जेवा," आणि खाली उतरला.

आधी कुणाला काही कळलं नाही. मग मागच्या बाकावरून हसू फुटलं आणि पुढे पसरत गेलं. मीही हसले. पाळकसाहेबांनी घाईघाईने प्रार्थना म्हटली. इतकी लवकर सुटलेली उपासना आमच्या मंडळीने कधी पाहिली नव्हती. बऱ्याच बायका मोतीरामला दुवा देत घरी गेल्या, चुलीवरचं वरण करपायच्या आत पोचलो म्हणून.

तो मात्र त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी पाळकसाहेब त्याच्या खोलीवर आले, बाजेवर बसले. मोतीराम म्हणाला, "मले चुकीचं आयकू आलं वाटते."

"ऐकू आलं असेल तर ते चुकीचं नसतं. काय सांगितलं ते मात्र तुला अजून कळलेलं नाही. ऐकत राहा."

"कईपर्यंत?"

"ते मला माहीत असतं तर मीच तुझ्या कानात सांगितलं नसतं का?"

त्याच पावसाळ्यात धामणखेडला ते घडलं.

गावात किसनराव म्हणून एक कुणबी शेतकरी होते. चांगली काळी जमीन, दारात बैलजोड्या, शब्दाला वजन. त्यांची सून पार्वताबाई पहिलटकरीण होती. तिला कळा लागल्या आणि मूल काही होईना. सुईण हात टेकून बसली. म्हणाली, "लेकरू आडवं हाये. अकोल्याच्या दवाखान्यात न्या, नाईतं दोघांची आशा सोडा." किसनरावांनी तात्काळ गाडी जुंपली. पण तो श्रावणातला चिखल होता. काळी माती ओली झाली की ती माती राहत नाही, डिंक होते. गाव सोडून गाडी जरा पुढे गेली नाही तोच चाकं आखापर्यंत बुडाली. बैलांना मारलं, लोकांनी खांदे लावले, पण गाडी जागची हलेना. मग बाजेवर घालून नेऊ म्हणून चौघांनी बाज उचलली. चौघांचे पाय चार दिशांना घसरत. एक पडला की बाज तिरपी होई आणि सून किंचाळे. तिचा नवरा सूर्यभान मटकन चिखलात बसला आणि रडायला लागला.

मोतीराम आणि त्याचा साळा श्रावण शेजारच्या वावरात होते. आरडाओरड ऐकून दोघे आले. मोतीरामने बाजेकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाटील, चौघायचे पाय एका रस्त्यानं जात नाई. एकट्याले नेऊ द्या. म्या नेतो पाठीवर."

किसनराव वळले. "तू? माही सून तुह्या पाठीवर?"

त्या बोलण्यात काय काय होतं ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. मोतीरामलाही कळलं. तो जागचा हलला नाही. उत्तर बाजेवरून आलं. सासऱ्यासमोर ज्या सुनेने कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, ती कोपरावर उठून मोठ्याने म्हणाली, "मामाजी, मले जगाचं हाये. कोणाच्याबी पाठीवर बसवा, पण मले न्या!"

किसनराव बाजेसमोरून बाजूला झाले. मग म्हणाले, "उचल."

आता बसवायचं कशावर? शाळेचे देवमन गुरुजी गर्दीत होते. ते धावत गेले आणि शाळेतली एकुलती एक खुर्ची घेऊन आले. श्रावणने कुऱ्हाडीने तिचे पाय तोडले. बैलांच्या दोरांनी ती मोतीरामच्या पाठीला बांधली, एक पट्टा कपाळावरून घेतला. हमाल मोठं पोतं उचलतो तसं. पार्वताबाईला उलट्या तोंडाने बसवलं, लुगड्याने कमरेला बांधलं. वर सूर्यभानने घोंगडी धरली. श्रावण काठीने जमीन चाचपत पुढे, मोतीराम मागे, आणि मोतीरामच्या पाठीवर मागून येणाऱ्या लोकांकडे तोंड करून बसलेली पार्वताबाई.

पुढचं मला केशरबाईने, भावाकडून ऐकलेलं, कितीदा तरी सांगितलं आहे. प्रत्येक पावलाला चिखलाचा एक बूट पायाला चढे. थोड्या वेळाने तो काठीने खरवडून काढावा लागे, नाहीतर पाय उचलत नसे. मोतीराम म्हणाला, "बाई, माह्या पाठीले सरकीच्या पोत्याची सवय हाये. पोतं बोलत नाई म्हणून मले झोप येते. तुमी बोलत राहा. शिव्या द्या हवं तं."

"कोणाले देऊ?"

"मले द्या. माह्या कानाले सवय हाये."

कळ आली की पार्वताबाई शिव्या देई. आधी मोतीरामला दिल्या, मग नवऱ्याला, मग नवऱ्याच्या मावशीला, जिने हे स्थळ आणलं होतं. सूर्यभान मागून घोंगडी धरून चालत होता आणि मुकाट ऐकत होता. नाल्याजवळ आल्यावर शिव्या थांबल्या. पाणी तांबडं, कमरेच्या वर. श्रावण आधी उतरला, काठी रोवून उभा राहिला. "भाऊजी, माह्या खांद्यावर हात ठेवा." मोतीरामने हात ठेवला आणि पाण्यात पाय घातला.

तो मला म्हणाला होता, "मास्तरीणबाई, पाण्यात उतरलो तई माह्या मनात एकदम शांत झालं. फॅक्टरीत मी पोते वायतो तई पोते आन मी येगयेगळे असतो. तिथी तसं नव्हतं. ते बाई श्वास घे तं माही पाठ हले. मले वाटलं, हे वजन माह्यासाठीच ठेवेल होतं." एवढं बोलून तो लाजला आणि चहा ढवळायला लागला.

ते सडकेला लागले तेव्हा अकोल्याला जाणारी प्रवासी मोटार उभी होती. ड्रायव्हरने वाट पाहिली कारण चिखलातून येणारा तो चार पायांचा, दोन तोंडांचा प्राणी कोणता हे त्याला कळेना. संध्याकाळपूर्वी पार्वताबाई अकोल्याच्या दवाखान्यात पोचली. ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. सूर्यभान व्हरांड्यात मोतीरामच्या गळ्यात पडला. दोघांच्या अंगावरचा चिखल एकमेकांना लागला आणि नर्सने दोघांनाही बाहेर हाकललं.

मोतीराम आमच्या कंपाऊंडात आला तो थेट पाळकसाहेबांच्या दारात. चिखलाने भरलेला, कपाळावर पट्ट्याचा लाल वळ. पाळकसाहेब जेवायला बसत होते. मीही तिथे काही कामाने गेले होते, म्हणून त्याचे शब्द माझ्या कानावर पडले.

"साहेब, बलावणं मले तोंडाले नव्हतं आलं. पाठीले आलं होतं!"

पाळकसाहेब ताटावरून उठले. त्यांनी त्याला आहे तसा आत घेतला, पाटावर बसवला, आणि त्याची सारी हकीकत ऐकून घेतली. मग म्हणाले, "प्रभू कालवरीच्या वाटेने चालले होते, क्रूसाच्या ओझ्याखाली थकले होते. तेव्हा शेतातून घरी चाललेल्या एका परक्या माणसाला धरून आणलं आणि ते ओझं त्याच्या खांद्यावर दिलं. त्याला कुणी उपदेश कर म्हणून सांगितलं नाही, मोतीराम. फक्त उचल म्हणून सांगितलं."

"तो काही बोलला?"

"बोलल्याचं कुठे लिहिलेलं नाही."

मोतीराम खुशीत आला. "मंग तो माह्यातलाच होता," म्हणाला आणि दोन माणसांचं जेवला.

किसनरावांनी आभार मानले नाहीत. तो त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी सुताराला बोलावून पाठीला बांधायची सागवानी बैठक करून घेतली. टेकायला पाठ, पाय ठेवायला फळी, जाडजूड चामडी पट्टे. ती मोतीरामच्या सासऱ्याच्या दारात आणून ठेवली आणि म्हणाले, "गुरुजीची खुर्ची तोडली तुमी. पोट्टे मास्तरले जमिनीवर बसेल पाहून हसतात." बस, एवढंच. शाळेला नवी खुर्चीही त्यांनीच दिली.

त्यानंतर दरवर्षी पावसाळ्यात आसपासच्या खेड्यांतून लोक जवायाला शोधत यायला लागले. साप चावलेला, तापाने फणफणलेला, बैलाने मारलेला. मोतीराम निंदण टाकून उठे. आजारी माणूस कुठल्या जातीचा हे तो विचारीना, पण त्याचं वजन मात्र नक्की विचारी. "पाटलीणबाई, तुमी तं हलक्याच सांगतल्या होत्या, हे काय निंगालं!" असं तो भर नाल्यात म्हणे आणि पाठीवरची बाई दुखणं विसरून हसायला लागे.

सगळेच वाचले असं नाही. एक म्हातारे गृहस्थ त्याच्या पाठीवरच गेले, सडक दिसायला लागली तेव्हा. मोतीराम थांबला नाही, वळलाही नाही. सडकेपर्यंत नेलं, तिथे हळूच उतरवलं, पायांची माती पुसली, आणि मग त्यांच्या मुलाला सांगितलं. त्या रात्री तो माझ्या समजुतीप्रमाणे रडला असेल. पण दुसऱ्या दिवशी कुणी बोलवायला आलं तर परत उठला.

छप्पन्न साली श्रावण नागपूरला जाऊन बुद्ध धम्म घेऊन आला. सासुरवाडीचं सगळं घरच बदललं. कोनाड्यातले जुने देव गेले, पांढरी वस्त्रं आली, मुलं शाळेत जायलाच हवीत असा दंडक आला. केशरबाईला जरा काळजी वाटली की आता भाऊ आणि नवरा यांचं कसं जमेल. श्रावणच्या बोलण्याला नवी धार आली होती आणि मोतीराम काही माघार घेणारा नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात दोघे एका रोग्याला आणायला निघाले. श्रावणही आता बैठक पाठीला लावी. आळीपाळीने नेत. रिकामी बैठक घेऊन चालताना श्रावण म्हणाला, "भाऊजी, तुमाले तुमच्या देवानं बलावलं म्हणून तुमी येता. मले कोणी वरून नाई बलावलं. समोर माणूस दुखून राहिला, एवढं मले बस हाये."

मोतीरामने पायाला चढलेला चिखल काठीने खरवडला. मग म्हणाला, "मंग तू माह्याहून मोठा हायेस लेका. मले तं सांगा लागलं. तू न सांगता आला."

श्रावण भांडायच्या तयारीने आला होता. तो हसायला लागला. म्हणाला, "असं बोललं तं वाद कसा होईन भाऊजी?"

"कायले कराचा वाद? इथी चिखल कमी हाये का?"

केशरबाईची काळजी तिथेच मिटली. पुढे दर नाताळला श्रावण आमच्या कंपाऊंडात येई, करंज्या खाई, आणि गाण्यांच्या चाली चांगल्या आहेत पण ढोलकी वाजवणारा कच्चा आहे, असं सगळ्यांसमोर सांगे.

सगळ्यांत मजेची गोष्ट रुख्मिणीबुढीची. ती एकटीच राहणारी, मोतीबिंदूने जवळजवळ आंधळी झालेली. एकदा तिला ताप भरला तेव्हा मोतीरामने तिला आणलं. ती कापसाच्या बोंडाइतकी हलकी. वाटभर ती विचारत होती, "हे कोणतं वावर? आता काय पेरलं इथी?" आणि मोतीराम तिला सगळं सांगत होता, कपाशी किती वर आली, कुणाची ज्वारी पिवळी पडली. ताप उतरल्यावर डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले आणि म्हणाले, आता आलीच आहे तर मोतीबिंदूही काढून टाकू.

पट्टी काढली त्या दिवशी मोतीराम भेटायला गेला. बुढीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तूच का जवाई?"

"हो माय."

"मले वाटलं तू गोरा असशीन. मिशनचा साहेब असते तसा." तिचा चेहरा खरोखर उतरला होता. "तू तं आमच्याहून काया हायेस!"

अख्खा वॉर्ड हसला. मोतीराम पोट धरून जमिनीवर बसला. परत जाताना सडकेवर मोटारीतून उतरल्यावर त्याने बैठक पाठीला लावली तर बुढी ऐकेना. "मागं तोंड करून काय पाहू? मले समोरचं पायाचं हाये." आणि ती त्याचा हात धरून चालत निघाली, घसरत, थांबत, प्रत्येक बांधावर उभी राहत. दुसऱ्यांची शेतं बघून तिने तिथल्या तिथे निकाल दिले की निंदण बरोबर झालेलं नाही. गावात पोचायला दुपार उलटली. मोतीराम म्हणे, की आयुष्यात रिकाम्या पाठीने तो इतका कधी थकला नव्हता, आणि इतका खूशही कधी झाला नव्हता.

चौसष्ट साली नाल्यावर पूल झाला आणि धामणखेडपर्यंत खडीचा रस्ता आला. पहिली मोटार आली तेव्हा लोकांनी तिला हळद-कुंकू लावलं. गुलाल उडाला. मोतीराम सगळ्यांच्या पुढे नाचला. पण तो पावसाळा जसजसा पुढे गेला तसा तो गप्प होत गेला. कुणी बोलवायला येईना. माणसं आजारी पडत, मोटारीत बसत आणि जात. तो बांधावर उभा राहून रस्त्याकडे बघत बसे. शेवटी केशरबाईने त्याला गाठलंच.

"लोकं सुखानं मोटारीत जाऊन राहिले, आन् तुमी कावून रडून राहिले?"

"रडून नाई राहिलो."

"मंग डोयात काय गेलं, पूल?"

त्याने मान खाली घातली. मग खरं ते सांगितलं. "मले लाज वाटून राहिली केशर. लोकायचं भलं झालं आन् मले वाईट वाटते. म्हणजे म्या त्यायची सेवा करत होतो का माही?"

केशरबाई भाकऱ्या थापायची थांबली. तिला शाळेचं शिक्षण नव्हतं, पण तिने विचार करून उत्तर दिलं. "दोनीबी करत होते. देवाले चालते ते. त्यानं तुमाले आनंद देल्ला तो काय परत मागाले देल्ला? आता चला, अकोल्याले जाऊ. इथी बांधावर उभे राहून पूल काई वाहून जाणार नाई."

फॅक्टरी सुरू व्हायला अवकाश होता तरी ते दोघे लवकर परतले. खुशालराव पाळकसाहेब तोवर निवृत्त होऊन मुलाकडे अमरावतीला गेले होते. त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं. मोतीराम नुसता इकडे तिकडे फिरे. असाच एकदा दवाखान्याच्या फाटकाशी गेला तर बाहेर गर्दी. मोटारी झाल्यापासून खेड्यांतून खूप माणसं येत होती. येत, आणि फाटकाशी येऊन थबकत. आत कुठे जायचं, कागद कुठे करायचा, कुणाशी काय बोलायचं, काही ठाऊक नसे. पांढऱ्या कपड्यातला कुणीही दिसला की हात जोडत आणि तो घाईने निघून जाई. अशीच माणसं त्याने वर्षानुवर्षं पाठीवरून सडकेपर्यंत आणली होती, पण दवाखान्याच्या फाटकाशी उतरल्यावर त्यांचं पुढे काय होतं, ते त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. तो घरी आला तो गुणगुणतच. केशरबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि भाकरी वाढायला घेतली.

दुसऱ्या दिवसापासून तो मोकळा असेल तेव्हा फाटकाशी उभा राहायला लागला. कुणी नेमलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. पुढे तर मेट्रनबाई स्वतःच त्याच्याकडे माणसं पाठवायला लागल्या.

तिथे मी एकदा त्याला पाहिलं ते सांगते. अमरावतीकडच्या तिवशाहून इंदूबाई नावाची बाई नवऱ्याला घेऊन आली होती. नवरा पोट धरून टांग्यात आडवा, तिच्या काखेत एक जिवंत कोंबडी. मोतीरामने नवऱ्याला खांद्याचा आधार देऊन उतरवलं आणि म्हणाला, "चाला ताई, म्या दाखवतो."

ती घाबरलेली. "तुमी इथले कोण?"

"कोणी नाई. चाला."

"कोंबडी डॉक्टरसाठी आणली. कुठी ठेवू?"

"माह्यापाशी द्या."

तर नवरा आत तपासणीला गेला, ती त्याच्यासोबत, आणि मोतीराम कोंबडी काखेत घेऊन व्हरांड्यात उभा. मेट्रनबाई आल्या. "मोतीराम, हे काय?"

"पेशंटची नातेवाईक," तो म्हणाला.

मेट्रनबाईंनी ओठ घट्ट दाबले, पण डोळ्यांतलं हसू दाबता आलं नाही. नवऱ्याला ऑपरेशन लागलं, म्हणून इंदूबाई दवाखान्यामागच्या धर्मशाळेत राहिली आणि कोंबडी मोतीरामच्या अंगणात. नवरा बरा होऊन निघाला तेव्हा तिने ती कोंबडी डॉक्टरांपुढे धरली. डॉक्टर म्हणाले, "बाई, ही अंडी देते. घरी न्या. यांना रोज एक अंडं खाऊ घाला, मला पोचलं." ती वळून मोतीरामला द्यायला लागली तर तोही घेईना.

"आता काय तिले टांग्यात बसवून परत नेऊ?" ती रागावून म्हणाली.

"न्या ना! आली तशी जाईन. तिनं अकोला पाह्यलं."

तिचा नवरा हसायला गेला आणि टाके दुखले म्हणून पोट धरून कळवळला, तरी हसत राहिला. मोतीरामने दोघांना टांग्यात बसवलं, कोंबडी तिच्या मांडीवर दिली, टांगेवाल्याला स्टेशनापर्यंत हळू हाक म्हणून बजावलं. टांगा वळणाआड गेला. तेवढ्यात हिवरखेडची मोटार येऊन थांबली आणि तिच्यातून एक म्हातारा पोराच्या आधाराने उतरून फाटकाची पाटी बघत उभा राहिला. मोतीरामने धोतराला हात पुसले आणि तिकडे चालायला लागला.